चाळीस मिनिटं

आम्हा तलाठ्यांचं नवं वर्ष १ ऑगस्टला. ३१ जुलैला वसुलीचा हिशेब मिटवायचा, पावतीपुस्तकं तपासून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी नवं पान उघडायचं. ३२ वर्षं हेच केलं, त्यामुळे ही तारीख माझ्या अंगात मुरली आहे.

लोकमान्य टिळक गेले ते १९२० साली १ ऑगस्टलाच, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी. आपल्याकडे जुन्या रीतीनं दिवस बदलतो तो उजाडल्यावर. त्या हिशेबानं ती ३१ जुलैचीच रात्र. त्या चाळीस मिनिटांनी तारीख बदलली. सोनापूरच्या स्मशानात न नेता गिरगाव चौपाटीवर दहन करायची खास परवानगी मिळाली. पाऊस लागलेला, तरी लाखो माणूस लोटला. गांधीजींनी खांदा दिला, आणि त्यांची असहकाराची चळवळ सुरू झाली तीही त्याच दिवशी.

इकडे वाळवा तालुक्यात, वाटेगावच्या मांगवाड्यात, भाऊराव आणि वालुबाई साठ्यांना त्याच तारखेला मुलगा झाला. नाव तुकाराम. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात. जन्मानंच माणसाला गुन्हेगार ठरवून हजेरी द्यायला लावणारा इंग्रजांचा कायदा मांग जमातीच्या मानेवर होता. पोराची शाळा जेमतेम दीड दिवसाची. मग घरच्यांबरोबर पायी मुंबई, पडेल ती मजुरी, माटुंग्याचा लेबर कॅम्प. तिथंच तुकारामाचे अण्णा भाऊ साठे झाले. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. १९५९ ला ‘फकिरा’ कादंबरी आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

माझ्या पहिल्या सज्जात भिंतीवर एकट्या टिळकांची तसबीर होती. १ ऑगस्टला तिला हार घालत होतो, तेवढ्यात आमचे म्हातारे कोतवाल धोतराच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून आत आले. म्हणाले, “भाऊसाहेब, आज ह्यांचाबी दिस हाय.” फडकं सोडलं, पटक्याच्या शेवानं काच पुसली आणि अण्णा भाऊंची तसबीर माझ्या टेबलावर ठेवली. घरून आणली होती. हार एकच होता. सुतळी सोडून त्याचे मी दोन केले.

संध्याकाळी डेड स्टॉकचं रजिस्टर काढलं आणि नव्या वर्षाची पहिली नोंद केली : तसबिरी, नग २.