दम्याचा पंप: आराम वेगळा, उपचार वेगळा

खिशात मावणारा दम्याचा पंप १९५६ साली अमेरिकेत आला. औषध कंपनीतल्या एका अधिकाऱ्याच्या मुलीला दमा होता. तिनं विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का मिळत नाही?

फवारा मारला की छाती मोकळी! पण १९६०नंतर इंग्लंडमध्ये दम्यानं तरुण पोरं जास्त दगावू लागली. जहाल पंपाचा अतिवापर हे एक कारण मानलं गेलं. श्वासनळी तेवढ्यापुरती उघडायची, आतली सूज तशीच.

ती सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप १९७२मध्ये आला. त्याचा गुण सावकाश येतो, म्हणून आपण तो मध्येच सोडतो. शिवाय ‘सवय लागते’ ही भीती. ती खोटी आहे. २०१९पासून जगभरचे दमातज्ज्ञ सांगतात, मोठ्यांनी नुसत्या आरामाच्या पंपावर राहू नये. आता दोन्ही औषधं एकाच पंपातही मिळतात.