आधी यंत्राला विचारा : मुक्त संगणकप्रणाली आणि जुळणीचा इतिहास

(जालना जिल्ह्यातील शिक्षक आणि विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात आपण रेल्वेपासून करू. जालन्याच्या सभेत ते शोभतंही.

इथल्या जुन्या माणसांना ‘छोटी लाईन’ आठवत असेल. निजामाच्या राज्यात १९०० च्या आसपास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली. ती मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी करत हैदराबादकडे जायची. ही लाईन मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत १,००० मिलिमीटर अंतर. मनमाडवरून मुंबईकडे जाणारी लाईन ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. इंजिन चांगलं, डबे चांगले, रूळही मजबूत. तरी जालन्याचा डबा थेट मुंबईला जात नसे. मनमाडला माल उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत भरायचा. वाया जाणारा वेळ, हमाली, फुटतूट हे सगळं व्यापाऱ्याच्या माथी. १९९० च्या दशकात रुंदीकरण झालं तेव्हा कुठे ही कटकट मिटली.

यात दोष कुणाचा होता? खरं तर कुणाचाच नाही, फक्त माप जुळत नव्हतं. इंग्रजीत ज्याला ‘कंपॅटिबिलिटी’ म्हणतात, त्याला आज आपण साधं ‘जुळणी’ म्हणू. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली टाकण्याआधी आपल्या संगणकाशी ती जुळते का हे बघणं, एवढाच आजचा विषय. वरवर पाहता काम तंत्रज्ञाचं आहे. पण त्याला इतिहास आहे, आणि तो कळला की काय तपासायचं हे पाठ करावं लागत नाही, ते आपोआप सुचतं.

मराठी अक्षर आणि एक कार्ड

मराठी माणसाची जुळणीशी पहिली गाठ लिनक्समुळे पडलेली नाही. १९८० च्या दशकात साध्या पीसीवर डॉस चालायचं आणि त्याला देवनागरी ठाऊकच नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झालं होतं. ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि त्यातून ‘जिस्ट कार्ड’ निघालं. संगणक उघडायचा, आतल्या खाचेत हे कार्ड बसवायचं, मग पडद्यावर क, ख, ग दिसायचं. म्हणजे मराठी लिहिता येईल की नाही, हे त्या काळी हार्डवेअरवर ठरत होतं!

पुढे विंडोज आलं, कार्ड गेलं, फॉन्ट आले. पण प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची आतली सांकेतिक मांडणी वेगळी. काही पॅकेजांना मागच्या पोर्टला ‘डाँगल’ नावाचं कुलूपही लावावं लागे. एका कार्यालयात टाईप केलेलं पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडलं की अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसायचा. हेसुद्धा मनमाडच, फक्त संगणकातलं. युनिकोडने यावर उत्तर दिलं. मुक्त प्रणालींनी ते लवकर उचललं, आणि लोहित मराठीसारखा मुक्त फॉन्ट लिनक्ससोबत येऊ लागला. पण जुन्या फॉन्टमधल्या फायली आजही शाळांच्या कपाटात आणि डिस्कवर पडून आहेत. हा धागा लक्षात ठेवा, आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

भांडण सुरू झालं प्रिंटरवरून

आता अमेरिकेत जाऊ. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद वारंवार अडकायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून, कागद अडकल्याचा निरोप सगळ्यांच्या पडद्यावर जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मिळाला असता तर इथेही ते जमलं असतं. तो मिळाला नाही. ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेचं वचन दिलेलं होतं. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभव होता.

गंमत बघा. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ म्हटली की आपल्याला मोठी तत्त्वं आठवतात. पण ठिणगी पडली ती ड्रायव्हरवरून. यंत्र आपल्या खोलीत आहे, पण त्याच्याशी बोलायची भाषा दुसऱ्याच्या ताब्यात आहे. हार्डवेअरच्या जुळणीचा प्रश्न आजही याच जागी अडतो.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण एक प्रणाली लिहीत आहोत असं इतरांना कळवलं. ती चालणार होती ३८६ प्रोसेसरवर आणि एटी जातीच्या हार्ड डिस्कवर. कारण सरळ आहे, त्याच्याकडे तेवढंच होतं. म्हणजे लिनक्सची पहिली ‘जुळणीची यादी’ एका पोराच्या टेबलाएवढी होती. ती वाढली ती लोकांमुळे. ज्याच्याकडे वेगळं नेटवर्क कार्ड होतं, त्याने त्याचा ड्रायव्हर लिहिला. मग कुठलं यंत्र चालतं आणि कुठलं नाही याची माहिती लोकांनी मिळून जमवली. ‘हार्डवेअर कंपॅटिबिलिटी हाऊ-टू’ नावाचा दस्तऐवज १९९० च्या दशकात लिनक्स टाकणारा माणूस आधी वाचायचा आणि मगच खरेदीला निघायचा.

आपल्याकडची गोष्ट

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच दशकात लिनक्सच्या सीडी संगणक-मासिकांसोबत येऊ लागल्या. सीडी टाकली, लिनक्स चाललं, आता इंटरनेट लावू म्हटलं की गाडी अडायची. कारण मोडेम. स्वस्त संगणकात ‘विनमोडेम’ असायचा. मोडेमचं निम्मं काम त्यातली चिप करायचीच नाही, ते विंडोजमधल्या सॉफ्टवेअरवर ढकललेलं असायचं. लिनक्सवर तो मोडेम म्हणजे नुसता डबा. ज्याने महागाचा, बाहेरून जोडायचा सीरियल मोडेम घेतला होता, त्याचं काम चालायचं. स्वस्त वस्तू का स्वस्त आहे, हे आधी विचारावं लागतं ते यासाठी.

२००० साली क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसाने ‘क्नॉपिक्स’ आणलं, आणि इथे तपासणीची पद्धतच बदलली. सीडीवरून लिनक्स थेट सुरू व्हायचं, हार्ड डिस्कला हात न लावता. आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, नेटवर्क मिळतं का, बघा. नाही जमलं तर सीडी काढा, यंत्र जसं होतं तसंच. त्यानंतर उबुंटूने २०११ पर्यंत टपालाने फुकट सीडी पाठवल्या, त्याही अशाच ‘लाइव्ह’ चालायच्या. आज तेच काम पेनड्राइव्ह करतो.

महाराष्ट्रातला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात-धनगरवाडा इथल्या एका छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हातात आले. त्यात २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण आणि फेडोरा लिनक्सवर बेतलेली प्रणाली होती. इथे उलटा मार्ग धरला होता. प्रणाली यंत्राला जुळवायची नाही, यंत्रच प्रणालीसाठी घडवायचं. आणि तरीसुद्धा वायरलेस चिपच्या आतलं फर्मवेअर कंपनीने बंदच ठेवलं, त्यावरून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत वाद झाला. शून्यातून यंत्र बनवणाऱ्यांनाही जिथे पूर्ण जुळणी साधली नाही, तिथे तुमच्या-आमच्या जुन्या संगणकाकडून ती गृहीत कशी धरायची?

आमची चूक

आता थोडं आमच्याबद्दल. २०१० च्या सुमाराची गोष्ट. जिल्ह्यातल्या एका शाळेच्या कार्यालयात आम्ही लिनक्स टाकलं. उत्साह दांडगा होता. विंडोजमध्ये व्हायरस भरले होते, लायसन्स नव्हतं, आणि आम्हाला वाटलं आपण पुण्याचं काम करतोय. फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, डिस्क पुसली, तासाभरात नवी प्रणाली तयार. लाइव्ह चालवून बघितलं होतं का? पडदा आला, माऊस हलला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दाखले छापायची वेळ आली. शाळेचा लेझर प्रिंटर स्वस्तातला होता. पान तयार करायचं काम तो स्वतः करत नव्हता, संगणकातल्या ड्रायव्हरकडून करून घेत होता. विनमोडेमचाच भाऊ म्हणा. आमच्या प्रणालीवर तो ड्रायव्हर काही केल्या चालेना. दुसऱ्या यंत्रावर छापू म्हणून दाखल्याचा नमुना उघडला, तर तो जुन्या फॉन्टमध्ये. पडद्यावर कचरा.

ते दिवस दिवाळीनंतरचे होते. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं दारात उभी. पोराला कारखान्याजवळच्या शाळेत बसवायचं तर दाखला हवा, आणि टोळीची गाडी पहाटे निघणार. शेवटी लिपिकांनी कार्बन घालून एकेक दाखला हाताने लिहिला. रात्री उशिरापर्यंत ते लिहीत होते, आणि आम्ही शेजारी बसून रकाने आखून देत होतो. आठवड्याभरात तिथे विंडोज परत आलं. पुढची कित्येक वर्षं त्या शाळेत ‘लिनक्स’ म्हटलं की लोक हसायचे. लिनक्सचा त्यात दोष नव्हता. आम्ही यंत्राला विचारलं नव्हतं, आणि त्या लिपिकांनाही विचारलं नव्हतं.

आज हा प्रश्न का पेटलाय

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीतच नाहीत. म्हणजे शाळाशाळांतून चांगले चालणारे संगणक आता ‘जुने’ ठरतायत. भंगारात घालायचे की मुक्त प्रणाली टाकून आणखी काही वर्षं चालवायचे? प्रश्न पैशाचा आहे आणि मुलांचाही.

पण मुक्त प्रणाली म्हणजे कुठल्याही जुन्या यंत्रावर चालणारी जादू, हा समजही सोडा. ज्या ३८६ वर लिनक्सचा जन्म झाला, त्याचा आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला गेला. उबुंटूने २०१७ मध्ये ३२-बिट डेस्कटॉपची सीडी बंद केली. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. दुसरीकडे, डेबियन १२ पासून वायफायसारख्या भागांना लागणारं बंद फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे काही जुनी दुखणी कमीही झाली. यादी सतत बदलते. म्हणून मागच्या वेळी चाललं होतं, या भरवशावर राहू नका.

मग विचारायचं काय? इतिहासानेच प्रश्न काढून दिलेत. प्रोसेसर ६४-बिट आहे का, रॅम किती? डिस्क धडधाकट आहे का? ती मरायला टेकली असेल तर कुठलीच प्रणाली वाचवणार नाही. बूट होताना पेनड्राइव्ह ओळखला जातो का, सिक्युअर बूट आडवं येतं का? मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह सुरू करा आणि अर्धा तास खरं काम करा. वायफाय जोडा, आवाज ऐका, कॅमेरा उघडा, लॅपटॉप झोपवून उठवा. ‘एलएसपीसीआय’ आणि ‘एलएसयूएसबी’ या दोन आज्ञा द्या, आतल्या बहुतेक चिपचं नाव कळतं. ते नाव कागदावर लिहा आणि इतरांचा अनुभव शोधा. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर, स्कॅनर ही रोज लागणारी प्रत्येक वस्तू जोडून बघा. एखादी चालली नाही तर हट्ट नको, ते एक यंत्र तसंच ठेवा. आणि फायलींची प्रत दोन ठिकाणी घ्या. नुसती घेऊ नका, उघडून वाचा.

अलीकडे आम्ही दुसऱ्या एका शाळेत गेलो. दहा संगणक होते. पहिला दिवस फक्त तपासण्यात घालवला, डिस्क एकही पुसली नाही. दोन ३२-बिट निघाले, एकाची डिस्क गेलेली होती. सातांवर नवी प्रणाली बसली, आणि आज मुलं त्यावर मराठीत टाईप करतात. कार्यालयाचा संगणक मात्र आम्ही आहे तसा ठेवला, कारण तिथली सही आणि प्रिंटर जुळले नाहीत. कुणी हसलं नाही.

तर मंडळी, मनमाडला माल उतरवावा लागतो हे व्यापाऱ्याला गाडी भरायच्या आधी माहीत असायचं. आपल्यालाही तेवढंच करायचंय. लाइव्ह पेनड्राइव्ह लावा, शाळेचा एक खरा दाखला उघडा, मराठीतला, आणि तो छापून हातात घ्या. सगळी अक्षरं नीट आली तर मग डिस्कला हात लावा.

आता तुमच्या यंत्रांबद्दल विचारा.