हरूनही वर चढणारा संघ: अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधील एका सूत्राचा इतिहास

९ मार्च १९७४. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबोरो येथे मेरिलँड विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ जादा वेळेपर्यंत झुंजून १०३-१०० असा हरला. देशातील पहिल्या पाचांत गणल्या जाणाऱ्या या संघाची राष्ट्रीय स्पर्धेची वाट तेथेच संपली. एका कॉन्फरन्समधून, म्हणजे विद्यापीठांच्या एका गटातून, केवळ विजेत्यालाच प्रवेश असे. मेरिलँडला हरवणाऱ्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने त्याच महिन्यात राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. (धागा)

पुढच्याच वर्षी स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका गटातून दुसरा संघ घेण्याची मुभा मिळाली. १९८० मध्ये दोन संघांची ती मर्यादाही उठली. मेरिलँडसारख्यांवरील अन्याय दूर झाला खरा, पण विजेत्यांखेरीज उरलेल्या जागा कोणाला द्यायच्या, हा नवाच पेच उभा राहिला.

आपल्याकडे आयपीएलमध्ये सगळे संघ एकाच गुणतक्त्यात असतात. गुण समान झाले तर नेट रनरेट पाहतात. येथे संघ शेकडो आणि प्रत्येकाचे सामने जेमतेम तीस. बहुतेक संघ परस्परांसमोर कधी उभेच राहत नाहीत. दुबळ्यांना हरवून मिळवलेले पंचवीस विजय मोठे, की बलाढ्यांशी झुंजून मिळवलेले अठरा?

या प्रश्नावर स्पर्धेची नियामक संस्था एनसीएए हिने १९८१ पासून एक सूत्र वापरले: रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स, अर्थात आरपीआय. संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला ५० टक्के, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले २५ टक्के. किती गुणांनी जिंकलात, याला मुळीच स्थान नव्हते. कागद-पेन्सिलीने सोडवता येईल इतके हे सोपे होते.

पण वजने पुन्हा वाचा. तीन चतुर्थांश निकाल तुम्ही कसे खेळलात यावर नव्हे, तर कोणाशी खेळलात यावर अवलंबून आहे. मी एक हिशेब मांडून पाहिला. एका संघाने २५ पैकी २० सामने जिंकले आहेत, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.६०० आणि तिसरा घटक ०.५०० आहे. आरपीआय येतो ०.६२५. आता सव्विसावा सामना ०.२०० प्रमाणाच्या दुबळ्या संघाशी झाला आणि तो जिंकला, तर आरपीआय सुमारे ०.६१९ वर उतरतो. तोच सामना ०.८०० प्रमाणाच्या तगड्या संघाशी झाला आणि तो हरला, तर सुमारे ०.६२१. (सोयीसाठी तिसरा घटक स्थिर धरला आहे.)

म्हणजे दुबळ्याला हरवण्यापेक्षा बलाढ्याकडून हरणे लाभाचे! हे एकदा उमगल्यावर कोणता प्रशिक्षक स्वस्थ बसेल? वेळापत्रक आखणे हीच एक विद्या झाली. अगदी तळाचे संघ टाळायचे. आपण हरवू शकू, पण जे स्वतःच्या गटात भरपूर जिंकतील, असे मधले संघ हेरायचे.

मोठ्या विद्यापीठांना ही निवड सोपी होती. पैसे मोजून लहान संघांना आपल्या मैदानावर बोलवायचे, त्यांच्या मैदानावर मात्र जायचे नाही. सूत्राला घर आणि परका गाव यांतला फरक कळत नसे. २००४-०५ च्या हंगामात तो शिकवला गेला: घरचा विजय ०.६, बाहेरचा १.४, पराभवांना याच्या उलट. हे शहाणपण यायला दोन तपे लागली.

२००६ मध्ये मिझुरी व्हॅली कॉन्फरन्समधील मिझुरी स्टेट संघ आरपीआयमध्ये एकविसावा असूनही वगळला गेला. अंतिम निवड समिती करते, सूत्र नव्हे. आणि या गटाने वेळापत्रकाच्या चातुर्याने आकडे फुगवले, असा आक्षेप तेव्हा घेतला जात होता. पण मोठे संघ जी विद्या राजरोस वापरत होते, तीच धाकट्यांनी वापरल्यावर लबाडी कशी ठरते? याच गटातील ब्रॅडली आणि विचिटा स्टेट त्या वर्षी शेवटच्या सोळांत पोहोचले.

२०१८ मध्ये आरपीआय निवृत्त झाला आणि ‘नेट’ नावाची नवी क्रमवारी आली. गुणांचा फरक तिने विचारात घेतला, पण दहापर्यंतच. २०२० मध्ये ती मर्यादा गेली आणि चेंडूच्या प्रत्येक ताब्यामागे मिळवलेले व दिलेले गुण यांना वजन आले. त्यामुळे लोभाचे ठिकाण तेवढे बदलले. निकाल लागलेल्या सामन्यातही शेवटच्या मिनिटापर्यंत गुण लुटत राहणे आता फायद्याचे ठरते.

शिवाय समिती विजयांची चार वर्गांत विभागणी करून पाहते. पहिल्या वर्गात मोडतात घरच्या मैदानावर पहिल्या ३०, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० आणि बाहेर पहिल्या ७५ संघांविरुद्धचे सामने. मोठ्या गटातील संघाला असे सामने आपल्याच गटात आपोआप मिळतात. लहान गटातल्याने ते आणायचे कोठून?

२०२४ मध्ये इंडियाना स्टेट निवडीच्या दिवशी २८ विजय आणि ६ पराभवांनिशी उभा होता, ‘नेट’मध्ये पहिल्या तिसांत. गट तोच, मिझुरी व्हॅली. गटाच्या अंतिम सामन्यात तो ड्रेककडून हरला होता आणि ६८ संघांच्या यादीत त्याचे नाव आले नाही. दुय्यम मानल्या जाणाऱ्या एनआयटी स्पर्धेत तो अंतिम फेरीपर्यंत गेला आणि सीटन हॉलकडून ७९-७७ असा, दोन गुणांनी हरला.