ताईच्या हातची कात्री : घरी कापलेल्या केसांचा इतिहास

१.
मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि देशभरातील केशकर्तनालये एकाएकी बंद झाली. मग सोलापूरसारख्या गिरणगावापासून खेड्यापाड्यांपर्यंत घरोघरी एकच दृश्य दिसू लागले. अंगणात खुर्ची, खांद्यावर जुना टॉवेल, वडिलांच्या हातात शिवणकामाची कात्री आणि आपल्या मानेमागे नेमके काय चालले आहे या धास्तीने अंग चोरून बसलेला मुलगा.

२.
तीन महिन्यांनी, २८ जूनपासून, महाराष्ट्र शासनाने सलून उघडण्यास परवानगी दिली. केस कापणे आणि रंगवणे चालणार होते, दाढी मात्र नाही. ग्राहकांची गैरसोय संपली. ज्यांची तीन महिन्यांची कमाई बुडाली होती त्या कारागिरांची चूल पुन्हा पेटली. परंतु याच महाराष्ट्रात असंख्य घरे अशी होती, की त्यांच्यापुरते न्हाव्याचे दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होते. तेथे घरी केस कापणे ही हौस नव्हती आणि काटकसरही नव्हती. हा इतिहास त्या घरांचा आहे.

३.
प्रथम गावगाडा समजून घ्यावा लागतो. जुन्या मराठी गावात न्हावी हा बलुतेदार होता. धोकटीत वस्तरा, कातर, चिमटा, नराणी आणि आरसा घेऊन तो घरोघरी जाई. प्रत्येक हजामतीचे पैसे त्याला मिळत नसत; सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा ठरलेला वाटा मिळे. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आढळते.

४.
महारही याच व्यवस्थेतील बलुतेदार होता. गावाची राखण, सरकारी निरोप पोचवणे, सीमेच्या वादात साक्ष देणे ही त्याची कामे. दोघेही एकाच गावाचे चाकर आणि दोघांनाही वाटा एकाच खळ्यावरून मिळे. तरीही न्हाव्याचा वस्तरा महाराच्या डोक्याला लागत नसे. एखाद्या न्हाव्याने तसे धाडस केलेच, तर त्याच्या हातून पुन्हा श्मश्रू करून घ्यायला गाव तयार होत नसे, म्हणजे त्याचे वर्षाचे धान्य बुडे. न्हावी स्वतःही उतरंडीच्या वरच्या पायरीवर नव्हता. खालच्या माणसाला नकार देण्याचे काम त्याच्याकडून करवून घेतले जाई आणि त्या नकारावर त्याचे पोट अवलंबून ठेवलेले असे.

५.
या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपुरात आहे. वारकरी परंपरेने संत सेना न्हावी आणि संत चोखामेळा या दोघांनाही आपले मानले. सेना महाराजांनी आपल्या धंद्यातील आरसा आणि चिमटा यांना विवेक-वैराग्याची रूपके केले. चोखोबांचा मृत्यू १३३८ साली याच जिल्ह्यातील मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून झाला. त्यांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ, म्हणजे मंदिराच्या बाहेर आहे. दोघांचे अभंग एकाच दिंडीत गायले जात. दिंडी गावी परतली, की सेना महाराजांच्या ज्ञातीचा माणूस चोखोबांच्या ज्ञातीच्या माणसाचे केस कापू शकत नसे.

६.
मग केस कोण कापी? घरातलेच कोणीतरी. वस्तीतील एखाद्याचा हात त्या कामात बसे आणि सारी वस्ती त्याच्यापुढे मान तुकवून बसे. त्याला ना बलुते, ना हक्क, ना कारागीर म्हणून नाव. अशा घरगुती कारागिरांची नोंद कोणत्याही दप्तरात होण्याचे कारण नव्हते. त्यांपैकी एकीची नोंद मात्र झाली, कारण तिच्यापुढे बसणारा भाऊ पुढे लिहिता झाला.

७.
हा भाऊ म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्यास राहू लागले. एकोणिसाव्या शतकाची ती अखेरची वर्षे. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत डॉ. आंबेडकरांनी त्या घराचा एक तपशील सांगितला आहे. त्यांचे आणि इतर मुलांचे केस त्यांची थोरली बहीण कापत असे. करता करता ती त्या कामात तरबेज झाली होती.

८.
हा तपशील नोंदवताना त्यांनी दोन गैरसमज आधीच दूर केले आहेत. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही. न्हाव्याला देण्यास पैसे नव्हते असेही नाही. सुभेदाराच्या घरी तेवढी ऐपत होती. परंतु अस्पृश्याच्या डोक्याला हात लावण्यास एकही न्हावी तयार नव्हता. कपडे धुण्याच्या बाबतीत परिटाचेही तेच. शाळकरी मुलाला जातीचे स्वरूप ग्रंथांतून कळण्याच्या पुष्कळ आधी, ताईच्या हातच्या कात्रीतून कळले होते.

९.
याच दशकात दुसऱ्या एका हिंदी माणसाने आरशापुढे उभे राहून स्वतःच्या हाताने केस कापले. १८९३ मध्ये मोहनदास गांधी हा तरुण बॅरिस्टर दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला पोहोचला. तेथील एका इंग्रज न्हाव्याने त्याचे केस कापण्यास तुच्छतेने नकार दिला. त्याने केस कापण्याचे यंत्र विकत आणले. पुढचे केस कसेबसे जमले, मागचे पार बिघडले. न्यायालयात सहकाऱ्यांनी डोक्यावरून उंदीर फिरले काय, अशी थट्टा केली.

१०.
‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत गांधीजींनी या प्रसंगाचा जो अर्थ लावला, तो महत्त्वाचा आहे. त्यांनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. काळ्या माणसाचे केस कापले असते तर त्याचे गोरे गिऱ्हाईक तुटले असते. मग त्यांनी आपल्या देशाकडे बोट दाखवले : आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देतो का? प्रिटोरियाच्या दुकानातील आणि साताऱ्याच्या आळीतील नकार एकाच घडणीचा होता, हे त्यांनी ओळखले होते. फरक एवढाच, की बॅरिस्टरवर ही वेळ परदेशी आली आणि सुभेदाराच्या मुलावर स्वतःच्या गावी.

११.
न्हाव्याच्या नकाराला आणखी एक, उजळ बाजूही आहे. उच्चवर्णीय, विशेषतः ब्राह्मण कुटुंबांतील विधवांचे केशवपन करण्यासाठी न्हाव्याला घरी बोलावले जाई. तेथे कात्री नको असलेल्या स्त्रीच्या डोक्यावर ती चालवण्याची सक्ती होती. १८९० च्या सुमारास मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्या हातांकडून रूढीने नकार वदवून घेतला होता, त्याच हातांनी या वेळी रूढीलाच नकार दिला. कोणाची सेवा करावी आणि कोणते काम करू नये, याचा निर्णय कारागीर स्वतः घेऊ शकतो, हे त्या घटनेने दाखवले.

१२.
याच काळात घरच्या आरशापुढे आणखी एक बदल होत होता. केस रंगवण्याची जुनी साधने म्हणजे मेंदी आणि नीळ. मेंदीने तांबूस छटा येई, वर निळीचा लेप दिला की ती काळी होई. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यांपासून जांभळा रंग तयार केला. पुढे त्याचे गुरू हॉफमन यांनी १८६३ मध्ये पॅराफिनिलीनडायअमिन या द्रव्याचे वर्णन केले आणि १८८३ मध्ये फ्रान्समध्ये ते केसांसाठी वापरण्याचे पेटंट घेतले गेले. सोलापूरच्या चादरी आणि लुगड्यांच्या सुताला ज्या रसायनविद्येने नवे रंग दिले, तिच्याच एका शाखेतून आजचा कलप आला.

१३.
१९०४ मध्ये अमेरिकेत किंग जिलेट याला सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट मिळाले. पाते बदलायचे आणि दाढी स्वतःच करायची. कलपाची पुडी आणि पात्याचे पाकीट यांनी शहरी मध्यमवर्गाला न्हाव्यावाचून राहण्याची मुभा दिली. मनात आले तर दुकानात जावे, नाही तर घरीच उरकावे. ज्यांच्यापुढे दुकानाचे दार उघडे होते, त्यांच्यासाठी घर हा एक पर्याय झाला. ज्यांच्यापुढे ते बंद होते, त्यांच्यासाठी घर हेच एकमेव ठिकाण राहिले. दोन्ही घरांत कात्री सारखीच चाले. अर्थ मात्र अगदी वेगळा होता.

१४.
दार उघडण्याचा लढा सोलापूर जिल्ह्यात मंदिराच्या रूपाने पेटला. साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरातच उपोषण आरंभले. ते १० मे रोजी सुटले. त्याच वर्षी मंदिर खुले झाले आणि मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. चोखोबांच्या समाधीपासून गाभाऱ्यापर्यंतचे काही पावलांचे अंतर कापण्यास सहा शतके लागली होती.

१५.
परंतु मंदिरात वर्षातून एकदा जायचे असते. न्हाव्याकडे दर महिन्याला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भेदभावाविरुद्धच्या कलमावर चर्चा झाली. मसुद्यात हे कलम नववे होते, आज ते पंधरावे आहे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव येथे कोणालाही मज्जाव नसावा, असे त्यात म्हटले होते. ‘दुकान’ या शब्दाची व्याप्ती किती, असा प्रश्न निघाला.

१६.
मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी उत्तर दिले. त्यांचा आशय असा, की येथे ‘दुकान’ हा शब्द केवळ आत शिरण्यापुरता वापरलेला नाही. जो कोणी लोकांना आपली सेवा देऊ करतो, तो या शब्दात येतो आणि अटी मान्य असतील तर सेवा मिळणे हाही त्याचा भाग आहे. उंबरठा ओलांडू दिला, पण कात्री हातात घेतली नाही, असे चालणार नव्हते. त्याच दिवशी सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. आज ते सतरावे आहे.

१७.
१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने या तत्त्वाला शिक्षेची धार दिली. अस्पृश्यतेच्या कारणावरून वस्तू विकण्यास किंवा सेवा देण्यास नकार देणे हा गुन्हा ठरला : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९७६ मध्ये हा कायदा अधिक कडक झाला आणि त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले.

१८.
कायदा गावात पोहोचण्यास वेळ लागतो. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर येथे जन्मलेले शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ साली प्रसिद्ध झाले. चहाच्या दुकानात आपल्या वस्तीसाठी ठेवलेली वेगळी कपबशी आणि त्याविरुद्ध दोन तरुणांनी पोलिसांत केलेली तक्रार त्यात येते. संविधान लागू होऊन काही दशके लोटली होती आणि चहाच्या साध्या कपासाठीही अर्ज लिहावा लागत होता. त्या मुलांकडे त्यांच्या आजोबांकडे नसलेली एक गोष्ट मात्र होती : अर्ज कोणत्या आधारावर लिहायचा, हे त्यांना ठाऊक होते.

१९.
आज सोलापुरात एखादी महाविद्यालयीन मुलगी मोबाइलवर पाहून आपल्या केसांची झालर स्वतः कापते, आजी रविवारी वाटीत मेंदी कालवते, एखादा तरुण न्हाणीघरात केसांना तांबूस रंग लावून बघतो. बिघडले तर कोपऱ्यावरचे दुकान आहेच. हा ‘आहेच’ फार अलीकडचा आहे आणि अनेकांना तो लढून मिळवावा लागला आहे.

२०.
२९ नोव्हेंबर १९४८ च्या त्या उत्तरात साताऱ्याचा उल्लेख नव्हता. शब्दाचा अर्थ सांगून मसुदा समितीचे अध्यक्ष पुढच्या मुद्द्याकडे वळले. आठवणींच्या त्या परिच्छेदात बहिणीचे नावही नाही. केवळ थोरली बहीण आणि सरावाने कमावलेले तिचे कौशल्य एवढीच नोंद आहे. तिने कापलेल्या केसांचा भाऊ मोठा झाला आणि दुकान कशाला म्हणावे, हे त्याने साऱ्या देशाला सांगितले.