राक्षस लहान होत गेला, त्याची गोष्ट

कुंडलच्या शाळेत काय किंवा आपल्या कुठल्याही शाळेत काय, सहावीच्या मुलांना 'परग्रहावरचा प्राणी काढा' असे सांगून पाहा. बहुतेक चित्रांत तीन डोळे, सात-आठ हात, मोठे डोके आणि डोंगराएवढे शरीर दिसेल. हा प्राणी कुणीच पाहिलेला नाही. मग चित्रे इतकी सारखी कशी? याचे उत्तर शोधायला सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते.

1877 साली इटलीचे खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्ली यांना दुर्बिणीतून मंगळावर रेषा दिसल्या. त्यांना त्यांनी 'कनाली' म्हटले. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ नैसर्गिक चर असाही होतो. इंग्रजीत मात्र त्याचे 'कालवे' झाले. कालवा म्हटला की तो खणणाराही आलाच! कराडजवळच्या खोडशीहून निघालेला कृष्णा कालवा त्या काळी आपल्या भागात वाहत होता, तेव्हा कालव्याला केवढी माणसे आणि केवढी अक्कल लागते, हे इकडच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल यांनीही असाच तर्क केला. मंगळ कोरडा पडत चालला आहे आणि तिथले हुशार रहिवासी ध्रुवांकडचे पाणी कालव्यांनी आणत आहेत, असे त्यांनी 1895 सालच्या आपल्या पुस्तकात मांडले.

एच. जी. वेल्स यांनी हेच रहिवासी पृथ्वीवर उतरवले. त्यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी 1897 साली मासिकातून क्रमशः आली आणि 1898 साली पुस्तकरूपाने निघाली. वेल्स हे थॉमस हक्सले यांचे विद्यार्थी, त्यामुळे त्यांचा राक्षस पुराणातला नव्हता. तो उत्क्रांतीच्या विचारातून घडला होता. मेंदू वापरून वापरून वाढला, कामे यंत्रांनी घेतली, म्हणून शरीर खुरटले. उरले प्रचंड डोके आणि चिवट शुंडके. मुलांच्या चित्रांतील मोठे डोके बरेचसे इथून आले आहे.

या राक्षसात आणखी एक गोष्ट होती. मंगळवासीयांना दोष देण्याआधी, युरोपियनांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचे काय केले ते आठवा, असे वेल्स यांनी आपल्या वाचकांना सुनावले होते. परका राक्षस हा साम्राज्यवाल्यांपुढे धरलेला आरसा होता.

त्याच वर्षी आपल्याकडे

कादंबरीत तोफा हरतात. मंगळवासी मरतात ते पृथ्वीवरच्या सूक्ष्म जंतूंमुळे, कारण त्यांच्या शरीरांना त्या जंतूंची कधी सवयच झालेली नसते. ही कथा मासिकात येत होती, त्याच 1897 साली मुंबई-पुण्यात प्लेगने कहर मांडला होता. दख्खनमधील अनेक गावांतली माणसे घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहिली. सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच गेल्या. प्लेगचा जंतू अवघ्या तीन वर्षांपूर्वी, 1894 साली ओळखला गेला होता. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली. लंडनच्या वाचकाला जंतू तारणहार वाटला, तर आपल्या माणसांसाठी तोच खरा राक्षस होता.

मराठीत विज्ञानकथा आली ती मात्र राक्षसाशिवाय. कुंडलहून कृष्णेच्या काठाने वर गेले की कराडजवळ टेंभू लागते. तिथले कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनमध्ये सुरू केलेल्या 'केरळ कोकिळ' मासिकात 1900 सालापासून 'चंद्रलोकची सफर' क्रमशः छापली गेली. ही ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवर आधारलेली होती. तीत तोफ आहे, गणिते आहेत, पण चंद्रावरचा राक्षस नाही.

पुढे जयंत नारळीकरांनी 1974 साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि मराठी विज्ञानकथेला नवे बळ आले. त्यांच्या पुस्तकांची नावे पाहा: 'यक्षांची देणगी' (1979), 'प्रेषित'. आपल्या परंपरेत राक्षसही होते आणि यक्षही; नारळीकरांनी यक्ष निवडला. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्या 1957 सालच्या 'द ब्लॅक क्लाउड' या कादंबरीत तर परका जीव म्हणजे वायूचा एक ढग आहे. तो सूर्य झाकतो आणि माणसे मरतात. पण पृथ्वीवर विचार करणारे कुणी असेल, याची त्याला कल्पनाच नसते.

डोंगराएवढा का नाही?

राक्षसाचा आकारही विज्ञानाला मान्य नाही. माणूस दसपट उंच केला, तर त्याचे वजन 1000 पट होते. हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र 100 पटच वाढते. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दसपट भार येतो. चार पावले टाकताच मांडी मोडेल. गॅलिलिओने 1638 साली हे सांगितले होते. 1965 साली मरिनर-4 यानाने जवळून छायाचित्रे पाठवली, तेव्हा मंगळावर कालवे नव्हे, खड्डे दिसले.

मग शोध थांबला का? नाही, तो लहान जिवांकडे वळला. नारळीकरांच्या पुढाकाराने 2001 आणि 2005 साली हैदराबादहून मोठे बलून सोडण्यात आले. 41 किलोमीटर उंचीपर्यंतची, म्हणजे कुंडलहून सांगलीला जाताना जेवढे अंतर कापावे लागते जवळजवळ तेवढ्या उंचीवरची हवा, निर्जंतुक केलेल्या नळकांड्यांत भरून आणली गेली. 2005 च्या नमुन्यांत जंतूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे इस्रोने 2009 साली जाहीर केले. त्यांपैकी एकीला हॉइल यांचे नाव दिले आहे. हे जंतू अवकाशातून आले असे सिद्ध झालेले नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. वेल्सच्या कथेत राक्षसाला मारणारा जंतू आता स्वतःच 'पाहुणा' आहे का, अशी ही चौकशी होती.

म्हणून चित्रे काढून झाली की मुलांना तीन प्रश्न विचारा. हा खातो काय? श्वास कशाचा घेतो? एवढे वजन कशावर पेलतो? भीती घालवायला याहून वेगळे औषध लागत नाही. आणि एखादीने कोऱ्या कागदावर नुसता एक ठिपका काढला, तर तिला रागावू नका. तिला कारण विचारा, आणि ते साऱ्या वर्गाला ऐकू द्या.