पात धरलेली माणसं

आमच्या माण तालुक्यात इर्जिकीचा, म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून करायच्या कामाचा, विषय निघाला की म्हातारी माणसं आधी जेवणाचं बोलतात. मजुरी नसायची, ज्याचं रान, त्याच्या घरचं जेवण. शाळू काढायला माणसं ओळीनं उभी राहत आणि प्रत्येक जण एक पात, म्हणजे आपल्या वाट्याची पिकाची पट्टी, धरी. माझ्या मते सगळी मेख या पातीत होती. कोण किती पुढं गेलं, कुणाची पात मागं राहिली, हे बांधावरून दिसायचं. आजी सांगायची, मागं पडलेल्याला शेजारचा आधी हाक मारी, मग आपली पात संपवून त्याच्या पातीत शिरे.

सगळे मिळून राबताना, कुणाचं किती हे दिसत नसेल, तर प्रत्येकाचा जोर किती उरतो? फ्रान्समध्ये माक्स रिंगेलमान या कृषी अभियंत्यानं 1880च्या दशकात माणसांना दोर ओढायला लावून तो मोजला. 1913 साली त्यानं निष्कर्ष छापले: आठ जण एकत्र ओढताना माणशी जोर एकट्याच्या जेमतेम निम्मा. जोर एकाच क्षणी लागत नाही, हे त्यानं मुख्य कारण मानलं. आमच्याकडं जोर एका क्षणी आणायचं काम भलरी, म्हणजे राबताना म्हणायचं गाणं, करायची. एकानं ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची, हात आपोआप एका ठेक्यात.

पण याच गावांत वेठही होती. महारांना वतनाच्या नावाखाली राबवलं जाई. तिथंही माणसं घोळक्यानंच राबायची. त्या कामावर कुणी हौसेनं भलरी धरल्याचं मी एकाही म्हाताऱ्याकडून ऐकलेलं नाही. इर्जिकीत आज तुझं रान, उद्या माझं, हा भरवसा होता. वेठीत परतफेड कधीच नव्हती.