घुमटाचा प्रवास : कॉन्स्टँटिनोपल ते विजापूर

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल विजापूरला गेली होती. गोलघुमटाच्या आत शिरल्यावर मुलांनी नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवून आणि एकमेकांना हाका मारून प्रतिध्वनी ऐकला. सगळे दमल्यावर नववीतला एक मुलगा कोपऱ्याकडे मान वर करून बराच वेळ उभा राहिला होता. जवळ गेलो तर म्हणाला, "सर, खाली भिंती चौकोनी आहेत आणि वर घुमट गोल आहे. मग चार कोपऱ्यांवर त्याला आधार कशाचा?" त्याचे वडील गवंडीकाम करतात, त्यामुळे त्याची नजर नेमकी तिथे गेली असावी. मी इतिहास शिकवणारा माणूस. त्या क्षणी मला नीट उत्तर देता आले नाही. "घरी गेल्यावर सांगतो," एवढेच म्हणालो. त्या एका प्रश्नाच्या शोधात जे वाचले, ते विद्यार्थी मित्रांपुढे व पालक बंधुभगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

रूम म्हणजे कोणता देश?

आपल्या घरांतून 'रूम' आणि 'रूमी' हे शब्द पूर्वापार ऐकू येतात. कुरआन शरीफातील तिसाव्या सूरेचे नावच 'अर्-रूम' असे आहे. मौलाना जलालुद्दीन यांच्या नावापुढे 'रूमी' लागते, ते त्यांचे आयुष्य रूमच्या मुलखातील कोन्या शहरात गेले म्हणून. हे रूम म्हणजे इटलीतील रोम नव्हे. सम्राट कॉन्स्टंटाईनने इ.स. ३३० मध्ये बोस्फोरसच्या सामुद्रधुनीवर नवी राजधानी वसवली. तीच कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. पश्चिमेकडील रोमन सत्ता पाचव्या शतकात कोसळली, पण पूर्वेकडील राज्य इ.स. १४५३ पर्यंत, म्हणजे अकराशे वर्षांहून अधिक काळ टिकले. तेथील लोक ग्रीक बोलत, ख्रिस्ती धर्म पाळत आणि स्वतःला रोमन म्हणवत. अरबांनी त्यांना 'रूम' म्हटले. 'बायझंटाईन' हे नाव युरोपातील विद्वानांनी पुढे रूढ केले.

या रूमशी आपला महाराष्ट्र अगदीच अपरिचित होता असे नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती रोमन व्यापाराची साक्ष देते. ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. पुढे सहाव्या शतकात, बायझंटाईन सत्ता भरात असताना, अलेक्झांड्रियाच्या कॉसमस नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील 'कल्लियाना' बंदराची नोंद केली आहे. तेथे तांबे आणि कापड मिळते, असे तो सांगतो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

चौकोनावर वर्तुळ

बायझंटाईन कलेचा मुकुटमणी म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचे हागिया सोफिया, तुर्की उच्चारात आयासोफ्या. सम्राट जस्टिनियनने ते इ.स. ५३२ ते ५३७ अशा अवघ्या पाच वर्षांत उभारले. त्याने हे काम ज्या दोघांवर सोपवले, ते ट्रॅलीसचा अँथेमियस आणि मायलीटसचा आयसिडोर भूमितीचे पंडित होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी.

रोममध्ये पँथिऑनचा प्रचंड घुमट त्याआधी चारशे वर्षे उभा होता. परंतु तो गोल भिंतीवर बसवलेला आहे. गोलावर गोल बसवणे तुलनेने सोपे. चौकोनी दालनावर मोठा गोल घुमट बसवायचा, तर कोपऱ्यांत पोकळी राहते. हाच आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न!

याचे उत्तर घरी करून पाहता येते. अर्धे कलिंगड पालथे ठेवा. चारही बाजूंनी सुरीने उभे काप असे घ्या की खाली चौकोन उरेल. आता वरचा भाग आडवा कापून काढा. जे शिल्लक राहील त्याकडे पाहा. खाली चार टोके आहेत, वर पूर्ण वर्तुळ आहे, आणि त्यांच्यामध्ये चार वक्र त्रिकोण आहेत. हे चार त्रिकोण घुमटाचे ओझे गोळा करून चार खांबांवर उतरवतात. हीच युक्ती अँथेमियस आणि आयसिडोर यांनी पूर्वी कधी नव्हती इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरली. सुमारे ३१ मीटर रुंदीचा घुमट त्यांनी चौकोनावर तोलला. त्याच्या बुडाशी चाळीस खिडक्या ठेवल्या. त्यांतून प्रकाश आत आला की घुमट अधांतरी तरंगतो आहे असे वाटते.

मात्र पहिला घुमट फार पसरट होता. पसरट घुमट भिंतींना बाहेर ढकलतो. त्यात भूकंपांचे धक्के बसले आणि इ.स. ५५८ मध्ये घुमटाचा मोठा भाग खाली आला. आयसिडोरच्याच घराण्यातील धाकट्या आयसिडोरने इ.स. ५६२ मध्ये तो पुन्हा बांधला, तेव्हा त्याने घुमटाची उंची सुमारे वीस फुटांनी वाढवली. उंच घुमटाचा भार अधिक सरळ खाली जातो. चूक कुठे झाली हे पाहून ती दुरुस्त केली, म्हणून आज साडेचौदाशे वर्षांनीही इमारत उभी आहे. पुढे दहाव्या आणि चौदाव्या शतकांत काही भाग पुन्हा कोसळले आणि पुन्हा सावरले गेले. दहाव्या शतकातील दुरुस्ती त्रदात नावाच्या आर्मेनियन स्थपतीने केली.

आपण पाटणकरांना भूकंप म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात काय झाले, हे आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. कोणाचे घर मातीत मिळाले, कोणाची भिंत नीट जोडलेली असल्यामुळे तगली, या गोष्टी अजूनही घरोघरी निघतात. इमारत कशी बांधली आहे यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, हा धडा कॉन्स्टँटिनोपलने सहाव्या शतकात घेतला आणि आपण विसाव्या शतकात घेतला.

काचेच्या तुकड्यांची चित्रे

बायझंटाईन कलेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे मोझेइक. आपल्याकडे मोझॅकच्या फरशा घरांत बसवतात. नाव तेच, पण कलेचा दर्जा निराळा. रंगीत काचेचे नखाएवढे तुकडे, त्यांत सोन्याचा वर्ख घातलेले काही, ओल्या चुन्यात एकेक करून बसवत. तुकडे किंचित तिरपे बसवले की दिव्याचा उजेड त्यांवर खेळतो. इटलीतील राव्हेन्ना येथे सान व्हिताले या इ.स. ५४७ च्या चर्चमध्ये जस्टिनियन आणि त्याची राणी थिओडोरा यांची अशी चित्रे आजही ताजी वाटतात.

ही कला सरळ रेषेत वाढत गेली असे मात्र नाही. आठव्या शतकात, धर्मस्थळात माणसांची चित्रे असावीत की नसावीत, यावरून ख्रिस्ती समाजातच मोठा वाद पेटला. मध्ये काही वर्षे सोडली तर इ.स. ८४३ पर्यंत शतकाहून अधिक काळ तो चालला. चित्रे पुसली गेली, काही ठिकाणी त्यांच्या जागी नुसता क्रूस आला. इस्तंबूलच्या हागिया आयरीनी या चर्चमध्ये तसा साधा क्रूस अजून पाहायला मिळतो. अखेर चित्रांच्या बाजूचा पक्ष विजयी झाला आणि कलेला पुन्हा बहर आला. व्हेनिसचे सेंट मार्क, कीव्हचे सेंट सोफिया, रशियातील लाकडी फळ्यांवरील धर्मचित्रे ही सारी त्याच वृक्षाची फळे होत.

घेतले आणि आपलेसे केले

इस्लामी कलेचा या परंपरेशी संबंध फार जुना आहे. खलिफा अब्दुल मलिक यांनी जेरुसलेमला बांधलेला कुब्बतुस्सखरा इ.स. ६९१-९२ मधला. त्याचा अष्टकोनी आराखडा आणि आतील मोझेइक काम यांत बायझंटाईन परंपरा स्पष्ट दिसते. परंतु तेथे एकही मानवाकृती नाही. तिच्या जागी वेली, पाने, रत्ने आणि कुरआनची अक्षरे आहेत. दमास्कसच्या मोठ्या मशिदीत, म्हणजे आठव्या शतकाच्या आरंभी, सोनेरी पार्श्वभूमीवर नद्या, झाडे आणि वाडे आहेत, पण माणूस नाही. दहाव्या शतकात स्पेनमधील कॉर्डोबाच्या मशिदीचा मिहराब सजवण्यासाठी बायझंटाईन सम्राटाकडून कारागीर व काचेचे तुकडे मागवले गेले.

नाण्यांचेही तसेच. पहिले सोन्याचे दिनार बायझंटाईन नाण्याच्या धर्तीवर पडले. इ.स. ६९६-९७ च्या सुमारास चित्रे गेली आणि केवळ अक्षरे उरली. परक्याकडून विद्या घ्यायची, पण ती आपल्या विचारात मुरवून घ्यायची, ही त्या काळची रीत होती.

इ.स. १४५३ मध्ये उस्मानी सुलतान दुसरा महंमद याने कॉन्स्टँटिनोपल जिंकले आणि हागिया सोफियाची मशीद झाली. पुढच्या शतकात मिमार सिनान या थोर स्थपतीने त्या इमारतीचा बारकाईने अभ्यास केला, तिला आधारभिंती देऊन मजबूत केले, आणि एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीत (इ.स. १५७५) तिच्या तोडीचा घुमट उभारला. हागिया सोफिया पुढे १९३४ च्या निर्णयाने संग्रहालय झाले आणि २०२० पासून तेथे पुन्हा नमाज सुरू झाली. मालक बदलले, उपासना बदलली, पण चार कोपऱ्यांतील ते चार त्रिकोण अजून आपले काम करीत आहेत.

दख्खनचे उत्तर

आता आपल्या मुलखाकडे येऊ. रूमचा माणूस दख्खनमध्ये खरोखर आला होता, याचा पुरावा विजापूरच्या बुरुजावर आहे. मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ओतली गेली. ती ओतणाऱ्याचे नाव महंमद बिन हसन रूमी. तोफेचे तोंड हत्तीला गिळणाऱ्या हिंस्र पशूसारखे घडवले आहे. बायझंटाईन राज्य तोवर लयाला गेले होते, परंतु त्या भूमीचे नाव कारागिरांच्या नावापुढे टिकून होते.

घुमटाच्या बाबतीत मात्र आदिलशाहीच्या कारागिरांनी कॉन्स्टँटिनोपलची नक्कल केली नाही. त्यांनी त्याच प्रश्नाला निराळे उत्तर दिले. महंमद आदिलशहाच्या (कारकीर्द १६२७ ते १६५६) गोलघुमटात आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात. एका चौकोनावर दुसरा चौकोन तिरपा ठेवावा तशी त्यांची मांडणी आहे. त्यातून वर गोल बैठक तयार होते. तिच्या आतल्या काठापासून मागे सरकून घुमट बसवला आहे आणि मध्ये जी वाट उरते, तीच कुजबुज ऐकवणारी गॅलरी. आत झुकलेल्या बैठकीचे ओझे घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला तोलून धरते. आतील व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे हागिया सोफियाच्या घुमटाहून सहा-सात मीटर मोठा. मधे एकही खांब नाही. हीच छेदणाऱ्या कमानींची रीत त्याआधी विजापूरच्या जामा मशिदीत वापरून झाली होती.

सहलीला जाणे जमले नाही, तर कराड तासाभरावर आहे. तेथील मशिदीचे दोन उंच मनोरे अली आदिलशहा पहिला याच्या काळातले (१५५७ ते १५८०) मानले जातात. मिरजेला मीरासाहेबांचा दर्गा आहे. एकदा जाणत्या नजरेने त्यांकडे पाहावे. भार कोठून कोठे उतरतो, हे बोटाने दाखवता आले पाहिजे.

एक निवेदन

सहलीनंतर वर्षभराने त्या मुलाचे वडील मला भेटायला आले. दहावीची परीक्षा झाली होती. "सर, पोरगं आता हाताखाली घ्यावं म्हणतो. मजुरी महाग झालीय," असे ते म्हणाले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. घर चालवणाऱ्याला हिशेब करावाच लागतो. मी त्यांना अँथेमियसची गोष्ट सांगितली आणि कागदावर चार त्रिकोण काढून दाखवले. ते काही वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आम्ही लहान घुमटी करताना मधोमध खुंटी रोवतो, दोरी बांधतो आणि ती फिरवत वीट लावत जातो. तेच की हे!" मी म्हटले, "तेच. तुमच्या दोरीला भूमितीत त्रिज्या म्हणतात. तुमच्याकडे दोरी आहे, शाळेकडे त्रिज्या आहे. मुलाला दोन्ही मिळू द्या." ते "बघू" एवढेच म्हणून गेले. जूनमध्ये मुलाचे नाव अकरावीला दाखल झाले. सुट्टीच्या दिवशी तो वडिलांच्या कामावर असतो.

आपल्या समाजात हातात कसब असलेली घरे पुष्कळ आहेत. गवंडी आहेत, सुतार आहेत, फॅब्रिकेशनवाले आहेत. कसब आणि पुस्तक यांची फारकत झाली की कसब मजुरीपुरते उरते आणि पुस्तक परीक्षेपुरते. ज्यांनी हागिया सोफिया बांधले आणि ज्यांनी गोलघुमट बांधला, त्यांच्याजवळ दोन्ही होते. आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगताना, त्यांनी ग्रीकांकडून, आर्मेनियनांकडून, ज्याच्याजवळ विद्या होती त्या प्रत्येकाकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

त्या मुलाला मी विजापुरात उत्तर देऊ शकलो नव्हतो. आता तो मला विचारतो, "सर, घुमट आणखी मोठा करायचा तर भिंत किती जाड लागेल?" हे उत्तर माझ्याजवळ नाही. ते त्यानेच शिकून मला सांगावे, अशी माझी इच्छा आहे.